पावलांकडे बघणाऱ्या हिरेमठ मॅडम

हिरेमठ मॅडम माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या माझा चेहरा न बघताच. नीउ-व्हेनेप या डच गावाच्या स्टेशनाबाहेर आईशी फोनवर बोलत मी सायकलींच्या गर्दीत माझी सायकल शोधत होते. फोन ठेवला आणि मागून आवाज आला, "डावा घोटा कधी मुरगळला होता?"

वळून बघितलं तर साठी कधीच ओलांडलेली एक उंच, सडसडीत बाई. सुती इरकल साडी, वर कुणा पुरुषाचं जुनं विंडचीटर, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरलेले.

"कॉलेजात. बास्केटबॉल खेळताना," मी म्हटलं. "पण तुम्हाला कसं..."

"नीट भरला नाही तो. लंगडत नाहीस तू, पाय चोरतेस. त्यानं कंबर धरेल पुढं."

"मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे," मी जरा तोऱ्यातच सांगितलं.

"मग तुला कळायला हवं होतं की," असं म्हणून त्या चालायला लागल्या.

पुढच्याच आठवड्यात कळलं की त्या आमच्या मागच्या गल्लीतल्या निखिल हिरेमठच्या आई. सोलापूरकडच्या एका मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना ॲनाटॉमी शिकवण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. यजमान वारल्यापासून दर उन्हाळ्यात मुलाकडे यायच्या आणि व्हिसाचे तीन महिने संपले की परत जायच्या. इथे कुणी त्यांना काकू म्हटलं नाही, मावशी म्हटलं नाही. त्या सगळ्यांच्याच मॅडम.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. चाल मात्र एकदा बघितली की पक्की बसायची. वरच्या मजल्यावरच्या खिडकीत बसून, शेंगाचटणी लावलेला पाव खात, त्या खालच्या रस्त्यावरची पावलं बघत राहायच्या. "निखिल, तो उजवा खांदा पाडून चालणारा आलाय बघ," असं म्हणायच्या आणि पाठोपाठ बेल वाजायची. प्राची, त्यांची सून, हसून मला म्हणायची, "आमच्याकडे पाहुण्यांची ओळख कमरेखालून सुरू होते."

माझी आणि त्यांची गाठ खरी पडली ती माझ्या गरजेमुळे. इथे फिजिओ म्हणून काम करायचं तर परवाना हवा, आणि परवान्यासाठी परीक्षा. डच भाषा मी कशीबशी रेटत होते, पण पुण्यात घोकलेली ॲनाटॉमी लग्न, व्हिसा आणि दोन घरं बदलण्यात कुठल्या कुठे गेली होती. मी भीत भीत विचारलं. मॅडम म्हणाल्या, "शिकवीन. पण मी वाईट बोलते. रडायचं नाही."

त्यांनी पुस्तक उघडू दिलं नाही. आमच्या बैठकीची ती मोठी काच, जिच्यातून सगळी गल्ली आत बघू शकते, तिच्यासमोर त्या उभ्या राहिल्या. दोन हातांत दोन मार्कर घेतले आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी काढायला सुरुवात केली. डावा हात डावी बाजू, उजवा हात उजवी. मणक्यांच्या रांगेपासून दोन्हीकडे फासळ्या फुटत गेल्या, मग खांद्यामागची फावड्यासारखी हाडं, मग खाली ओटीपोटाचं बशीसारखं कडं आणि त्याच्या दोन बाजूंना दोन खोल वाट्या. "खुबा," त्या म्हणाल्या. "वाटी आणि गोळा. अख्ख्या शरीराचं ओझं इथून खाली उतरतं." बाहेर कुत्रा फिरवायला निघालेले समोरचे डच आजोबा थबकले. काचेवर पुरुषभर उंचीचा सांगाडा आणि त्याच्यामागे साडी नेसलेली बाई. त्यांनी टोपी काढून मॅडमना नमस्कार केला. मॅडमनी मान हलवून तो घेतला आणि माझ्याकडे वळल्या.

"मांडीचं हाड. कुठल्या बाजूचं, ते आधी सांग. नाव मागून."

चुकलं की त्या ओरडत नसत. नुसत्या गप्प उभ्या राहायच्या. त्या शांततेला मी जितकी घाबरले तितकी परीक्षेलाही घाबरले नाही.  शेवटी त्या म्हणायच्या, "चूक. परत."

स्नायू शिकवायला त्यांनी मला कोंबडीचे पाय आणायला लावले, पंजांसकट. त्या स्वतः शुद्ध शाकाहारी. निखिलच्या घरात अंडंसुद्धा शिजत नसे, म्हणून हे सगळं माझ्या स्वयंपाकघरात चालायचं. पोटरीतली पांढरी दोरी चिमट्यात धरून त्या ओढायच्या आणि मेलेला पंजा मूठ वळायचा. "बघितलंस? स्नायू फक्त ओढतो. ढकलणं त्याला येत नाही. पाय सरळ करायचा तर दुसऱ्या बाजूचा स्नायू ओढणार. हाडं एरवी गप्प पडून असतात." मग साबणानं तीनदा हात धुवून बिनसाखरेचा चहा.

आणि एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या, इतकी की मी वैतागायची. "सांधा दुखला की त्याच्या वरचा सांधा बघ, खालचा बघ, मग त्याच्यावर ये. दुखणं पत्ता चुकीचा देतं."

एके संध्याकाळी निखिल आमच्या दारात आला. चाळिशीचा, शांत, कमी बोलणारा. उजव्या पायानं लंगडायचा, आणि त्या बुटाचा तळ बोटभर जाड असायचा. लहानपणी अपघात झाला असेल असं मी धरून चालले होते.

"आईकडून शीक, गौरी, चांगलंच आहे," तो म्हणाला. "पण ती बाहेर कुणाला काही सांगायला लागली, तर तिला थांबवशील? मागच्या वर्षी काय झालं तुला माहीत नाही."

मग त्यानं सांगितलं. बागेत एक डच बाप आपल्या छोट्या मुलीला हात धरून गोल गोल फिरवत होता. मुलगी किंचाळली आणि तिचा हात लुळा लोंबू लागला. आईबाप घाबरून फोन शोधत असतानाच मॅडम पुढे झाल्या, कुणाला न विचारता मुलीचं कोपर हातात धरलं, तळवा वर फिरवला आणि हात दुमडला. टक् असा आवाज झाला. कोपरातलं निसटलेलं हाड जागेवर बसलं होतं. थोड्या वेळात मुलगी त्याच हातानं वाळू उडवायला लागली. पण तिच्या आईनं तिला ओढून जवळ घेतलं. माझ्या मुलीच्या अंगाला हात लावणारी तू कोण, असं ती ओरडत राहिली. पोलिसांना बोलावलं गेलं. निखिलला ऑफिसमधून धावत यावं लागलं. माफी मागून, पुन्हा असं होणार नाही असं सांगून प्रकरण मिटलं.

"आईचं बरोबर होतं, मला माहीत आहे," निखिल म्हणाला. "पण इथे तिच्याकडे परवाना नाही. उद्या काही चुकलं तर? मी तिच्याकडून वचन घेतलंय. इथे कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, कुणाला सल्ला द्यायचा नाही."

तेव्हा मला कळलं, मॅडम बाहेर पडल्या की हात पाठीमागे का धरतात ते. ते हात त्यांनी बांधून ठेवलेले होते.

पुढच्या उन्हाळ्यात त्या आल्या तेव्हा माझी लेखी परीक्षा झाली होती आणि तोंडी बाकी होती. त्यांचे तीन महिने गणपतीच्या आसपास संपत होते. आमच्या मराठी मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम जवळच्या अ‍ॅमस्टेलव्हीनला असतो. त्याआधीच्या एका शनिवारी दुपारी तिथल्याच एका शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये मुलांच्या लेझमीची तालीम चालू होती. बसवत होती प्राची, पण त्या दिवशी तिला ताप होता म्हणून मी गेले होते. मॅडम कडेला बाकावर बसल्या होत्या, हात मांडीखाली घालून. निखिल ढोलांचे पट्टे आवळत होता.

मुलांमध्ये ईरा होती. बारा वर्षांची, एकदम उंच झालेली, हसरी. तिचा बाबा संदीप म्हणजे मंडळाचा आधार, निखिलचा या देशातला सगळ्यात जुना मित्र आणि ऑफिसात त्याचा वरिष्ठही. ईराची आई कामासाठी बर्लिनला गेली होती. ईरा पहिल्या रांगेत होती आणि सगळी मुलं खाली बसून उठत होती तेव्हा तीही बसत होती. मला काही वेगळं दिसलं नाही.

"गौरी, इकडे ये," मॅडमनी हाक मारली. त्यांचा आवाज मी काचेसमोरच्या त्या शांततेनंतर ऐकायचे तसा होता. "ती पहिली पोरगी. खाली बसताना तिचा डावा गुडघा कुठं जातो बघ."

मी बघितलं. बाकीच्यांचे गुडघे सरळ पुढे येत होते. ईराचा डावा गुडघा दर वेळी बाहेर फेकला जात होता आणि पाऊलही बाहेर वळत होतं.

"तिचा गुडघा दुखतोय महिन्याभरापासून," मी म्हटलं. "हाउसआर्ट्सना, इथल्या फॅमिली डॉक्टरना, दाखवलंय. वाढीचं दुखणं आहे म्हणाले."

"खुबा बघितला का त्यांनी?"

मला माहीत नव्हतं. मॅडम उठल्या. चार पावलं पुढे गेल्या, थांबल्या, निखिलकडे बघितलं. त्यानं मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"आई, नको."

त्या तरी गेल्या. पण मुलीला हात लावला नाही. तिच्यासमोर उभं राहून इंग्रजीत विचारलं, "मी तुझा पाय बघू का? तू हो म्हणालीस तरच."

"शुअर," ईरा म्हणाली. "बट इट्स माय नी, आजी."

मॅडमनी तिला जमिनीवरच्या निळ्या गादीवर उताणं झोपवलं. आधी उजवा पाय गुडघ्यात दुमडून पोटाकडे आणला. तो सरळ आला. मग डावा. अगदी हळू, जोर न लावता. पाय थोडा वर आला आणि मांडी आपोआप बाहेरच्या बाजूला वळली, जणू कुणीतरी आतून फिरवली. मॅडम तिथेच थांबल्या. पाय सावकाश खाली ठेवला.

"आता उठायचं नाही," त्या ईराला म्हणाल्या. "एक पाऊलही टाकायचं नाही. कळलं?"

तेवढ्यात संदीप आला. "काय झालं मॅडम?"

"हिचा गुडघा ठीक आहे. खुब्यात घोटाळा आहे. मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याची मान, यांच्यामध्ये या वयात कूर्चेचा थर असतो, हाड वाढायला. तिथून गोळा सरकायला लागलाय, असं मला वाटतं. आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. आणि चालत नाही, उचलून."

संदीप हसला. वाईट हसणं नव्हतं ते, न पटलेल्या माणसाचं होतं. "मॅडम, ती आत्ता नाचत होती. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासलंय. सोमवारी परत फोन करतो ना. उगीच पोरीला घाबरवू नका."

"सोमवारपर्यंत ती जिना उतरेल. सायकल चालवेल. एखाद्या वेळी पाय घसरेल."

"ईरा, ऊठ गं," संदीप म्हणाला.

ईरानं कोपरावर जोर दिला. मॅडम खाली बसल्या, गादीवर, तिच्या पायाशी, आणि तिचा घोटा दोन्ही हातांनी धरला. हॉलमधली लेझीम थांबली. सगळे आईबाप बघत होते. कुणीतरी मोबाइल बाहेर काढलेला मला दिसला.

"मॅडम, प्लीज, हात काढा," संदीपचा आवाज बदलला. "निखिल, तुझ्या आईला सांग. दोन वर्षांपूर्वी बागेत काय झालं ते विसरलात का तुम्ही?"

निखिल ढोलापाशी उभा होता. मला वाटलं तो आता आईला उठवणार. मॅडमनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही, फक्त घोटा घट्ट धरला. निखिल लंगडत लंगडत अख्खा हॉल ओलांडून आला. त्या लाकडी जमिनीवर त्याच्या जाड बुटाचा आवाज फार मोठा येत होता. तो संदीपसमोर उभा राहिला आणि उजव्या पायातला बूट काढून त्याच्या हातात दिला.

"हे का घालतो मी, तुला कधी सांगितलं नाही," तो म्हणाला. "मी तेरा वर्षांचा होतो. गुडघाच दुखायचा. मीसुद्धा चालत होतो, संदीप. शाळेत जात होतो, क्रिकेट खेळत होतो. मग एक दिवस जिन्यावर पाय सटकला."

संदीपनं बूट उलटा करून त्याचा जाड तळ बघितला.

"आई चुकत असेल तर मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागेन. पण आज ने तिला."

संदीपनं बूट हातात धरूनच मान डोलावली. मी फोन लावला. शनिवारी हाउसआर्ट्स बंद, म्हणून सुट्टीच्या दिवसाच्या दवाखान्याला. पलीकडच्या बाई शांतपणे एकेक प्रश्न विचारत होत्या. नाव, जन्मतारीख, पत्ता. मुलीला चालता येतं का? मी खरं ते सांगितलं, येतं. ताप आहे का? नाही. पडली आहे का? नाही. मग सोमवारी आपल्या डॉक्टरांना भेटा.

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी हात पुढे केला नाही. "तू सांग," त्या म्हणाल्या. "परीक्षेत सांगशील तसं. आधी बाजू."

 मी डचमध्ये सुरुवात केली. डावा खुबा. बारा वर्षांची मुलगी. महिनाभर गुडघ्यात दुखणं, पण गुडघ्यात काही नाही. खुबा दुमडला की मांडी बाहेर वळते, आत वळतच नाही. खुब्याच्या हाडाचा माथा सरकल्याची शंका आहे, आम्ही तिला उभं राहू देत नाही.  मग त्या बाई म्हणाल्या, "थांबा, डॉक्टरांना विचारते." परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "लगेच या. तिला चालवू नका."

हॉलमधल्या चाकाच्या खुर्चीवर बसवून, पाय सरळ ठेवून, ईराला गाडीपर्यंत नेलं. मागच्या सीटवर मॅडम तिच्या शेजारी बसल्या. गाडी संदीप चालवत होता, मी पुढे. निखिल दुसऱ्या गाडीनं येत होता.  सिग्नलला संदीपची बोटं स्टिअरिंगवर वाजत होती. मी मनात एकच विचार करत होते, की मॅडम चुकल्या असल्या तर? निखिलची नोकरी, मैत्री, मंडळ. एका बाईनं लेझीम बघता बघता केलेल्या निदानावर हे सगळं पणाला लागलं होतं. आरशात मला मॅडम दिसत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असाव्यात असं वाटलं. मग कळलं, त्या ईराला हळू आवाजात सांगत होत्या, पायाची बोटं हलव, आता सोड, आता परत हलव.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबली. संदीप घाईनं उतरला, मागचं दार उघडलं, ईराला काखेत धरून बाहेर काढलं आणि व्हीलचेअर अजून लांब आहे असं बघून तिला जमिनीवर उभी करायला वाकला.

"पाय टेकवू नको!"

एवढा मोठा आवाज मॅडमच्या छातीतून निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं. समोरून जाणारी दोन माणसं दचकून थांबली. संदीप तसाच वाकलेला राहिला, मुलीची पावलं जमिनीपासून वीतभर वर.  मी धावत जाऊन खुर्ची आणली.

आतली डॉक्टर तरुण होती. तिनं गुडघा बघितला, मग मॅडमनी केलं होतं तसंच खुबा दुमडला. मांडी बाहेर वळली. डॉक्टरनं पाय खाली ठेवला तो मॅडमनी ठेवला होता तितक्याच हळू. पुढचं सगळं भराभर झालं. शेजारच्याच मोठ्या इस्पितळात एक्स-रे, एकदा समोरून, एकदा पाय वळवून. समोरून काढलेल्या चित्रात मला काही खास दिसलं नाही. दुसऱ्यात दिसलं. हाडाचा गोल माथा त्याच्या मानेवरून मागे घसरला होता, कोनावरून आइसक्रीमचा गोळा कलंडावा तसा.

"अजून पूर्ण सुटलेला नाही," सर्जन संदीपला म्हणाला. "उद्या सकाळी स्क्रू घालून आहे तिथे धरून ठेवू. अशीच चालत राहिली असती तर काय झालं असतं, सांगता येत नाही." त्यानं विचारलं, कुणी ओळखलं? संदीपनं बाकाच्या टोकाला बसलेल्या मॅडमकडे नुसती मान वळवली आणि मग तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

मी कॉफी आणायला गेले तेव्हा मॅडम माझ्यामागे आल्या. मशीनसमोर त्यांनी कप उचलला, परत ठेवला आणि हात पुन्हा पाठीमागे धरले. कप मी घेतला.

"निखिलच्या वेळी," त्या मशीनकडे बघतच म्हणाल्या, "महिनाभर मी त्याच्या गुडघ्याला तेल चोळलं. रोज संध्याकाळी. गुडघ्याचा एक्स-रे काढला, चांगला निघाला, तर मी त्याला म्हटलं, शाळा चुकवायला करतोस. आणि सकाळी कॉलेजात वर्गभर पोरांना सांगायचे, गुडघा दुखला तर खुबा बघा, एकच नस दोन्हीकडे जाते. घरी आले की मी आई असायचे. हाडं कॉलेजात ठेवून यायचे." थोडं थांबून म्हणाल्या, "तो जिन्यावर पडला त्या दिवशी माथा पूर्ण सुटला. आतला रक्तपुरवठा तुटला. हाड मेलं ते."

  कॉफी न पिताच त्या परत गेल्या आणि निखिलच्या शेजारी बसल्या. त्याचा बूट अजून संदीपकडेच राहिला होता. निखिल एका पायात मोजा घालून बसला होता आणि मॅडम त्या मोज्याकडे बघत होत्या.

ईराचं ऑपरेशन नीट झालं. गणपतीत ती कुबड्या घेऊन आली आणि पहिल्या रांगेच्या पोरांना खुर्चीवरून ओरडत लेझीम शिकवत होती, अर्धं डच, अर्धं मराठी. संदीप मॅडमना भेटला तेव्हा पाया पडायला वाकला, तर त्यांनी त्याला मधेच थांबवलं. "ती पुन्हा पळेल का?" त्यानं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ते मी सांगू शकत नाही. सर्जनला विचार. आणि दुसऱ्या खुब्यावरही लक्ष ठेवायला सांग, या वयात दुसराही सरकू शकतो." कुणाला बरं वाटावं म्हणून काही बोलणं त्यांना कधी जमलं नाही.

त्यांच्या जाण्याच्या दिवशी मी निखिलबरोबर शिपोल विमानतळावर गेले. माझी तोंडी परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. बॅगा देऊन झाल्या. मॅडमनी माझी शेवटची उजळणी चेक-इनच्या रांगेत घेतली, मनगटाची हाडं, आणि एक चुकल्यावर तशाच गप्प उभ्या राहिल्या. मागच्या माणसानं पुढे सरका म्हटलं तरी सरकल्या नाहीत. मी उत्तर दुरुस्त केलं तेव्हा म्हणाल्या, "होईल तुझं."

आत जायच्या फाटकापाशी निखिलनं त्यांना पाणी, गोळ्या, चष्मा सगळं आहे ना विचारलं. "पोचलीस की फोन कर." त्या हो म्हणाल्या, बोर्डिंग पास काचेवर ठेवला, फाटक उघडलं आणि त्या आत गेल्या. मागचा प्रवासी पास काढत पुढे झाला होता, तेवढ्यात त्या वळल्या आणि फाटकाच्या त्या बाजूनं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"निखिल, अजून दुखतं का रे?"

निखिल हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावरून मला समजलं की एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्या घरात कुणी विचारला नव्हता.

"थंडीत," तो म्हणाला. मग फाटकापलीकडे ऐकू जावं म्हणून मोठ्यानं पुन्हा सांगितलं. "थंडीत दुखतं, आई. जिना उतरताना."

मॅडमनी मान हलवली. दोनदा. लोक त्यांच्या दोन्ही बाजूंनी पुढे जायला लागले होते. मग त्यांनी पदर सावरला आणि त्या लोकांमध्ये मिसळून गेल्या. निखिल कठड्याला धरून, पाय न बदलता, बराच वेळ तिथेच उभा राहिला.